हक्क कायद्यात आहे, तरतूद कुठे आहे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे दिव्यांगांसाठीचा निधी, अनुदान आणि कायदा यांविषयी इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. उत्तरे देणारी मी वकील आहे आणि दोन वर्षांची असताना झालेल्या पोलिओमुळे कॅलिपर वापरते, त्यामुळे पुढील मजकुरात कायद्याइतकाच माझा जिव्हाळाही उतरला असेल.

प्रश्न : दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केंद्राचा आहे. आमदारांकडे गेलो तर ते 'हा दिल्लीचा विषय आहे' असे सांगतात, आणि खासदार म्हणतात, 'पैसे राज्याने द्यायचे.' आम्ही नक्की कोणाचे दार ठोठवायचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दोन्ही दारे ठोठवावीत, परंतु प्रश्न पैशाचा असेल तेव्हा आधी आमदारांचे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नववी नोंद अपंग आणि काम करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तींच्या साहाय्याची आहे. म्हणजे हा विषय मुळातच राज्याचा आहे. संसदेला त्यावर कायदा करता आला, कारण भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यातून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत.

हा कायदा वाचताना 'समुचित शासन' हा शब्द पानोपानी भेटतो. राज्याच्या अखत्यारीतील बाबींसाठी समुचित शासन म्हणजे राज्य शासनच. कलम १०१ प्रमाणे नियम राज्याने करायचे, कलम ६६ प्रमाणे राज्य सल्लागार मंडळ राज्याने नेमायचे, कलम ७९ प्रमाणे राज्य आयुक्त, कलम ८४ प्रमाणे विशेष न्यायालये आणि कलम ८८ प्रमाणे राज्य निधी, ही सारी जबाबदारी मुंबईतील मंत्रालयाची आहे. तेव्हा आपल्या आमदारांना कलमांच्या क्रमांकांसह हेच नम्रपणे दाखवावे.

मात्र एक कलम नीट वाचल्याशिवाय दार ठोठवू नये, ते म्हणजे कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजना समुचित शासनाने 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत' आखाव्यात, असे ते सांगते. माझ्या मते संपूर्ण कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे शब्द हेच आहेत. शिक्षण, समानता आणि नोकरीतील चार टक्के आरक्षण हे हक्क कायद्याने दिले. परंतु महिन्याचे जगणे ज्यावर चालते त्या पैशाच्या बाबतीत कायद्याने राज्याच्या तिजोरीकडे बोट दाखवले. म्हणून आपल्याला कायद्यासाठी जेवढे लढावे लागले तेवढेच दर वर्षी अर्थसंकल्पासाठी लढावे लागते.

याच कलमात एक आधारही आहे. इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारी मदत किमान २५ टक्के अधिक असली पाहिजे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत २०२३ पासून निराधार विधवेला आणि दिव्यांग व्यक्तीला सारखेच १,५०० रुपये मिळत होते. माझ्या वाचनाप्रमाणे कायद्याने दिव्यांगांना त्या वेळी किमान १,८७५ रुपये देय होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान २,५०० रुपये केले, त्याचे मनापासून स्वागत आहे. परंतु आंध्र प्रदेशात ही रक्कम २०२४ पासून ६,००० रुपये आणि तेलंगणात २०२३ पासून ४,०१६ रुपये आहे, हे आमदारांना ठाऊक असायला हवे. खासदारांना विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाचा केंद्रीय वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवरच थांबला आहे, आणि तोही ८० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींपुरता. तो का वाढत नाही, याचे उत्तर खासदारांनीच दिले पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, ती आधाराशिवाय बसू शकत नाही. ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी असतो असे ऐकून मी गेलो, तर ग्रामसेवक म्हणाले, 'निधी शिल्लक नाही.' गेल्या वर्षी १५ ऑगस्टला बोलावून एक ब्लँकेट आणि स्टीलचा डबा दिला आणि सही घेतली. ताई, हा आमचा हक्क आहे की त्यांची मेहेरबानी? (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

दादा, हा हक्क आहे. राज्यातील ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते, २०१८ च्या शासन निर्णयांनी ते पाच झाले. 'शिल्लक नाही' हे उत्तर यात बसत नाही, कारण हा शिलकीतून द्यायचा पैसा नसून आधी बाजूला काढायचा पैसा आहे.

आता 'स्वतःचे उत्पन्न' म्हणजे काय, हे समजून घ्यावे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे हे स्वतःचे उत्पन्न. वित्त आयोगाकडून येणारे अनुदान त्यात धरले जात नाही. आपल्या गावचे असे उत्पन्न वर्षाला चार लाख असेल तर दिव्यांगांचा वाटा २० हजार होतो, आणि गावात २५ दिव्यांग असतील तर माणशी ८०० रुपये. ब्लँकेट आणि डबा येतो तो या गणितातून. याउलट औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या नगरपालिकेचे उत्पन्न कोटींत असते आणि तेथील पाच टक्के लाखांत जातात. म्हणजे मुलीची गरज तीच, पण ती कोणत्या शिवेच्या आत जन्मली यावर तिच्या वाट्याचा पैसा ठरतो. ही रचनाच सदोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ग्रामपंचायतींचे उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा कमी आहे, त्यांच्या निधीत राज्याने आपल्या अर्थसंकल्पातून भर घालावी, ही मागणी ग्रामीण भागातून जोराने यायला हवी.

ती मान्य होईपर्यंत जे आहे ते तरी नीट मिळवावे. पहिले काम म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना १, अर्थात अंदाजपत्रक, पाहणे. ते दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा; दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात 'निधीची माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. गेल्या तीन आर्थिक वर्षांत स्वतःचे उत्पन्न किती झाले, त्याच्या पाच टक्के रक्कम किती, त्यांपैकी किती खर्च झाली, कोणत्या तारखेला, कोणत्या वस्तूवर, कोणत्या दराने आणि कोणत्या ठरावाने, अशी एकेक ओळ वेगळी लिहावी. अखर्चित रक्कम कोठे गेली, ही शेवटची ओळ विसरू नये. ब्लँकेटांची बिले जेव्हा दराने मागितली जातात तेव्हा पुढच्या वर्षीची खरेदी आपोआप विचारपूर्वक होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

दुसरे काम ग्रामसभेचे. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होते, म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी मागणी ठेवावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. मार्च अखेरीस धावपळ करून खर्च दाखवला जातो तेव्हा डबे वाटण्याशिवाय त्यांच्या हाती काही उरत नाही. आपली मागणी अशी असावी : 'माझ्या मुलीसाठी मापाप्रमाणे बनवलेली, मानेला व कमरेला आधार देणारी खुर्ची आणि महिन्यातून चार वेळा तालुक्याच्या फिजिओथेरपी केंद्रात जाण्या-येण्याचा खर्च.' शासन निर्णयात वैयक्तिक लाभ आणि सामूहिक कामे असे दोन्ही मार्ग आहेत, आणि आपली मागणी वैयक्तिक लाभात बसते. ग्रामपंचायतीचे उत्पन्न खुर्चीला पुरत नसेल तर तसे लेखी घ्यावे आणि तोच कागद घेऊन पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे व पुढे जिल्हा परिषदेकडे जावे, कारण पाच टक्के त्यांनाही लागू आहेत.

मुलीच्या शाळेचे आपण लिहिलेले नाही. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि समग्र शिक्षा अभियानात मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, घरी येऊन शिकवणारे विशेष शिक्षक आणि दिव्यांग मुलींसाठी वर्षातील दहा महिने दरमहा २०० रुपये भत्ता यांची सोय आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावे. तिला 'निरामय' या एक लाख रुपयांच्या आरोग्य विम्यातही नोंदवून घ्यावे; तो सेरेब्रल पाल्सीसाठी लागू आहे.

प्रश्न : पत्र लिहिताना 'अपंग' लिहावे की 'दिव्यांग'? आमच्यातील काहींना दुसरा शब्द दयेचा वाटतो. (एक निवृत्त शिक्षक, लातूर)

अर्जात कायद्याचा शब्द लिहावा, कारण आपण त्या कायद्याखाली मागत आहोत. एरवी ज्याच्याविषयी बोलायचे त्याला जो शब्द आवडतो तो. मला स्वतःला 'अपंग' म्हटलेले चालते, माझ्या मैत्रिणीला चालत नाही.

प्रश्न : आमची तालुका संघटना दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, तहसीलदारांमार्फत मुख्यमंत्र्यांना निवेदन देते. वर्तमानपत्रात फोटो येतो. अकरा वर्षे झाली, एकही मागणी पूर्ण झालेली नाही. आमचे काय चुकते? (संघटनेचे सचिव, सांगली जिल्हा)

आपल्या पत्रासोबत गेल्या वर्षीच्या निवेदनाची प्रत आहे, ती मी दोनदा वाचली. त्यात १७ मागण्या आहेत. घरकुल, एसटीची सवलत, प्रमाणपत्रांचा विलंब, बसस्थानकातील स्वच्छतागृह, अनुदानवाढ, कर्जमाफी, सगळ्या खऱ्या आणि सगळ्या न्याय्य. परंतु त्यांतील एकाही मागणीपुढे आकडा नाही, एकीपुढेही ती कोणत्या विभागाची हे नाही, आणि निवेदन देण्याची तारीख उशिराची आहे.

तारखेचे आधी पाहू. राज्याचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात मांडला जातो; पण तो मार्चमध्ये लिहिला जात नाही. प्रत्येक विभागाने पुढच्या वर्षी किती पैसे लागतील याचा अंदाज वित्त विभागाकडे पाठवायचा असतो आणि हे काम दिवाळीच्या आगेमागे चालते. ३ डिसेंबरला आपले निवेदन तहसील कार्यालयाच्या आवक नोंदवहीत चढते तेव्हा ती घाई बव्हंशी उरकलेली असते. म्हणून गणपती उठल्यावर कामाला लागावे. सप्टेंबरमध्ये दिव्यांग कल्याण विभागाला आणि पुण्याच्या आयुक्तालयाला मागणी गेली पाहिजे. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात, तेव्हा त्या वर्षातील कमी पडलेल्या रकमेविषयी आमदारांना बोलायला लावावे. आणि मार्चमध्ये विभागनिहाय मागण्यांवर चर्चा होते तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव मांडून त्या विषयावर बोलण्याची संधी देणारी सूचना, द्यायला सांगावे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना आणि अशासकीय विधेयक ही चारही हत्यारे कोणत्याही आमदाराच्या हातात असतात, मग तो सत्तेतला असो वा विरोधातला. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांना द्यावेच लागते आणि ते छापील स्वरूपात कायम राहते. पुढच्या वर्षी तेच उत्तर हातात घेऊन पुन्हा जाता येते.

आता आकड्यांचे. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला आणि त्यासाठी १,१४३ कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली. रक्कम मोठी वाटते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत. भागाकार केला तर माणशी वर्षाला ३,८५७ रुपये येतात, महिन्याला सव्वातीनशेहून थोडे कमी, आणि त्यातही बराचसा भाग विशेष शाळांतील कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा असतो. त्या शाळा आवश्यकच आहेत, वेतनही वेळेवर व्हायला हवे. माझा मुद्दा एवढाच की 'निधी वाढवा' असे म्हणण्यापेक्षा हा भागाकार निवेदनाच्या पहिल्या ओळीत ठेवला तर वाचणारा थांबतो. आणि तोही जुन्या लोकसंख्येवरचा भागाकार आहे, त्या जनगणनेत आजचे २१ प्रकार नव्हतेच. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आला तोसुद्धा दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. आपोआप आला नव्हता. आपल्या संघटनेने तालुक्यातील प्रत्येक गावाची स्वतःची यादी तयार ठेवावी, प्रमाणपत्र असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही.

सतरा मागण्यांविषयी एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी नागपूर अधिवेशनाच्या काळात मी एका आमदारांना भेटायला गेले होते. आमच्या निवेदनात १४ मागण्या होत्या. त्यांच्या स्वीय सहायकाने कागद उलटून पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, 'ताई, यातली एकच सांगा. साहेबांचा उद्या प्रश्न आहे, ते विचारतील.' आम्ही पाच जण एकमेकांकडे पाहत राहिलो. अंध मित्राला एक मागणी महत्त्वाची वाटत होती, मला दुसरी, मतिमंद मुलाच्या वडिलांना तिसरी, आणि कोणाचीच खोटी नव्हती. पाच मिनिटांनी त्याने कागद गठ्ठ्यात ठेवला. त्या दिवसापासून मी कोणत्याही संघटनेला आधी बंद खोलीत भांडायला सांगते. वर्षासाठी एक मागणी ठरवावी, बाकीच्या पुढच्या वर्षांसाठी क्रमाने लावाव्यात, आणि अंध, बहिरे, अस्थिव्यंग असे सगळे त्या एकीच्या मागे उभे राहावेत.

उदाहरणादाखल मी निवडेन ती मागणी काळजीवाहक भत्त्याची. ज्याला जेवण, अंघोळ, शौच यांसाठी सतत दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठी असा भत्ता योजनेत असावा हे कलम २४ मध्येच नमूद आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे, तिच्यात घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम अपुरी आहे, पण सांभाळणारी आई ही एक काम करणारी व्यक्ती आहे असे त्या राज्याने लेखी मान्य केले. आपल्या तालुक्यात अशा ४० व्यक्ती सापडल्या आणि दरमहा २,००० रुपये मागितले तर वर्षाला ९ लाख ६० हजार होतात. हा आकडा आमदारांना एका श्वासात सांगता येतो.

रस्त्यावर उतरावे की नाही, असेही आपण विचारले आहे. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे बच्चू कडू यांनी उपोषण केले तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये मिळावेत ही मागणी होती, आणि त्यामुळे ती राज्यभर चर्चेत राहिली. आंदोलनाने मागणी लोकांपर्यंत जाते, कागदाने ती तिजोरीपर्यंत जाते. दोन्हींची गरज आहे आणि एकामुळे दुसरे थांबवू नये.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. आमच्या शहरातील नव्या सार्वजनिक इमारतीला रॅम्प आहे, पण दोन माणसांनी ढकलल्याशिवाय चढता येत नाही. अभियंता म्हणतात, 'रॅम्प केलेला आहे, नियमाची पूर्तता झाली.' (ठाणे जिल्हा)

मोजपट्टी घेऊन जा. स्वतः हाताने चाके फिरवून चढता यावे यासाठी चढ एकास बारा असावा लागतो, म्हणजे जोत्याची उंची जितकी, त्याच्या बारापट रॅम्पची लांबी. मागे मी एका कार्यालयात अशी तक्रार घेऊन गेले होते. जोते ७५ सेंटिमीटर उंच होते. रॅम्प नऊ मीटर लांब हवा होता, होता चार मीटर. कठडा एकाच बाजूला, आणि वरच्या टोकाला दार बाहेर उघडणारे, त्यामुळे चढून आलेल्या माणसाने दार उघडायचे तर पुन्हा मागे घसरायचे. मोजमापे आणि पाच छायाचित्रे जोडून दिलेल्या एका पानाच्या अर्जाने जे झाले ते आधीच्या सहा तोंडी तक्रारींनी झाले नव्हते : चार महिन्यांत रॅम्प वळण घेऊन लांब झाला.

कायदा आपल्या बाजूने आहे. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देता येत नाही. मग या इमारतीला दाखला कोणी दिला, हा आपला पहिला प्रश्न. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की केंद्राच्या नियमांतील १५ वा नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा असल्याने तो कायद्याशी विसंगत आहे, आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. मुंबईतही पदपथांच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर आत जात नाही, ही एका नागरिकाने कळवलेली तक्रार उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका म्हणून घेतली, आणि त्याच ओघात २०२४ मध्ये राज्य सल्लागार मंडळ प्रत्यक्षात काम करत नसल्याचे उघड झाले. एका माणसाच्या पत्रातून इतके निघाले.

दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करावीच. सोबत नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात 'विद्यमान इमारती सुगम्य करणे' अशी वेगळी ओळ मागावी, नाहीतर प्रत्येक वेळी उत्तर येते की दुरुस्तीला पैसे नाहीत. एक सावधगिरी बाळगावी : दिव्यांगांचा पाच टक्के निधी रॅम्प आणि लिफ्टवर खर्ची टाकण्याचा प्रयत्न होतो. इमारत सुगम्य करणे हे इमारतीच्या मालकाचे कर्तव्य आहे, त्याचा खर्च बांधकामाच्या लेखाशीर्षातूनच व्हावा असा आग्रह धरावा.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहते. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि त्याला राज्याच्या रीजनल सेंटरतर्फे सेवा मिळतात. नाशिकच्या माझ्या बहिणीचा मुलगा २४ वर्षांचा असून बौद्धिक दिव्यांग आहे. तिला जवळजवळ काहीच मिळत नाही. येथील कायद्यातले काय तिने तिथे मागावे?

आपल्याला सेवा मिळतात त्या १९६९ च्या लँटरमन कायद्यामुळे. फ्रँक लँटरमन हे तेथील विधानसभेचे सदस्य होते, आणि तो कायदा राज्याच्या विधिमंडळाने केलेला आहे. आज २१ रीजनल सेंटर्स राज्याच्या पैशावर चालतात आणि प्रत्येक व्यक्तीची वेगळी लेखी योजना बनवतात. त्या कायद्याचे मर्म १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : या सेवा हा व्यक्तीचा हक्क आहे आणि विभागाला केवळ खर्च वाचवण्यासाठी त्या स्वतःच्या अधिकारात कापता येत नाहीत. आमच्या कलम २४ मधील 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांशेजारी हा निकाल ठेवला की अंतर लक्षात येते.

तरीही तो कायदा कुटुंबांना निश्चिंत झोपू देत नाही, हे आपण अनुभवले असेल. २००९ च्या मंदीत तेथील विधिमंडळाने शिबिरे आणि सामाजिक-मनोरंजनाच्या सेवा स्थगित केल्या, त्या परत यायला २०२१ उजाडले. बारा वर्षांत आठ वर्षांचे मूल वीस वर्षांचे होते. त्या परत आल्या त्यामागे दर वर्षी अर्थसंकल्पाच्या उपसमित्यांपुढे उभे राहून दोन-दोन मिनिटे बोलणारे पालक होते. गव्हर्नर जानेवारीत प्रस्ताव मांडतात, मेमध्ये सुधारतात आणि १५ जूनपर्यंत विधिमंडळाला तो संमत करावा लागतो; मधल्या काळात सामान्य माणसाला बोलायला जागा असते. आपल्या विधिमंडळात अशी जागा नाही. दिव्यांग कल्याण विभागाच्या मागण्यांवर मतदान होण्यापूर्वी दिव्यांग व्यक्ती आणि पालकांची जाहीर सुनावणी व्हावी, ही मागणी मला कोणत्याही अनुदानवाढीइतकीच मोलाची वाटते.

बहिणीने लगेच करायच्या दोन गोष्टी आहेत. मुलगा सज्ञान झाल्यामुळे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा, म्हणजे बँकेत आणि रुग्णालयात तिची सही चालेल. आणि 'निरामय' विमा काढावा. तिसरी गोष्ट वेळ घेणारी आहे. आपण पत्रासोबत मुलाच्या वैयक्तिक योजनेची प्रत पाठवली आहे, तिच्या तिसऱ्या पानावर मुलाला सांभाळणाऱ्या पालकांना विसावा मिळावा म्हणून महिन्याला ३० तास प्रशिक्षित मदतनीस, अशी एक ओळ आहे. ती ओळ मराठीत लिहून, नाशिकमधील अशा प्रत्येक आईच्या सहीसह, येत्या सप्टेंबरात विभागाकडे पाठवावी. मसुदा मी करून देईन. सह्यांचे काम बहिणीने हाती घ्यावे.